तीन जागा, सहा दिवस: डेटा सेंटरसाठी केलेल्या पाहणीची नोंद

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरसाठी जागा सुचवण्याचे काम आमच्या चौघांच्या गटाकडे आले, तेव्हा मागणीचा कागद जेमतेम एका पानाचा होता. पहिल्या टप्प्यात १०० मेगावॅट, पुढे ३०० मेगावॅटपर्यंत वाढ, एकमेकांपासून स्वतंत्र असे दोन फायबर मार्ग आणि तीन वर्षांच्या आत पहिली वीज, एवढेच त्यात लिहिले होते. नकाशे, उपग्रहचित्रे आणि पावसाच्या जुन्या नोंदी तपासून सतरा जागांची यादी आम्ही तीनवर आणली आणि त्या तिन्ही पायी फिरून पाहायच्या असे ठरवले. गटात पारेषणाचे ज्येष्ठ अभियंते होते, एक भूगर्भतज्ज्ञ होत्या, नेटवर्कचे काम पाहणारा तरुण सहकारी होता. पाणी आणि शीतकरण हा माझा विषय.

निघण्यापूर्वी आकड्यांची जाणीव पक्की असावी लागते. सध्या वापरात असलेल्या ७२ प्रोसेसरांच्या एका रॅकला, म्हणजे यंत्रे रचलेल्या कपाटाला, सुमारे १२० किलोवॅट वीज लागते आणि त्याचे वजन तेराशे किलोच्या पुढे जाते. साध्या सर्व्हरच्या रॅकला पाच-दहा किलोवॅट पुरत असत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगभरातील डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ टेरावॅट-तास, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का वीज घेतली. जागतिक सरासरीत हा वाटा लहान दिसतो, पण डेटा सेंटरे जगभर सारखी पसरलेली नसतात. आयर्लंडमध्ये मीटरवर मोजल्या गेलेल्या विजेतील त्यांचा वाटा २०१५ मध्ये ५ टक्के होता, तो २०२३ मध्ये २१ टक्क्यांवर गेला. त्यामुळे जागा निवडणारा माणूस प्रत्यक्षात एखाद्या प्रदेशाच्या वीजजाळ्यावर आणि पाण्यावर कोणता भार टाकायचा हे ठरवत असतो, आणि हे भान ठेवूनच आम्ही गाडीत बसलो.

पहिला दिवस

पहिली जागा नकाशावर सर्वांत देखणी होती. सलग सपाट माळ, शंभर मीटरला एक मीटरसुद्धा उतार नाही, वस्ती दूर, मालक मोजके, आणि माळाच्या मधून ४०० केव्हीची, म्हणजे चार लाख व्होल्टची, दुहेरी पारेषण वाहिनी गेलेली. सकाळी आम्ही एका मनोऱ्याखाली उभे राहिलो तेव्हा हवेत दमटपणा होता आणि तारांचा बारीक करकर आवाज स्पष्ट ऐकू येत होता. तरुण सहकाऱ्याने सहज म्हटले, "वीज तर डोक्यावरच आहे." अभियंत्यांनी काही न बोलता वहीत उपकेंद्राचे अंतर लिहिले: चौदा किलोमीटर.

अशी वाहिनी पाहून जागेची किंमत वाढवणारे पुष्कळ असतात, पण तिच्याखालची जमीन आणि विजेची जोडणी यांचा फारसा संबंध नाही. अतिउच्च दाबाच्या वाहिनीला वाटेल तिथे फाटा काढता येत नाही. ती तोडून तिथे नवे उपकेंद्र उभारावे लागते, दोन्ही टोकांची संरक्षण प्रणाली बदलावी लागते, आणि एक परिपथ बंद असताना दुसऱ्याने संपूर्ण भार पेलला पाहिजे याचा अभ्यास पारेषण यंत्रणेला करावा लागतो. त्यातच मोठ्या ट्रान्सफॉर्मरची मागणी जगभर इतकी वाढली आहे की ऑर्डर दिल्यापासून तो हाती येईपर्यंत दोन ते चार वर्षे जाऊ शकतात. इमारत दीड वर्षात उभी राहते. वीज तिच्यासाठी थांबत नाही, तीच विजेसाठी थांबते.

दुपारी आम्ही त्या चौदा किलोमीटरवरच्या उपकेंद्रात गेलो. तेथील पाळी अभियंत्यांनी भिंतीवरचा एकरेषीय आराखडा दाखवला. त्यावर दोन बे, म्हणजे वाहिनी जोडण्याच्या जागा, रिकाम्या दिसत होत्या आणि क्षणभर आम्हाला बरे वाटले. मग त्यांनी पेन्सिलीने लिहिलेल्या दोन बारीक नोंदींवर बोट ठेवले. एक बे सौर प्रकल्पासाठी राखीव होता, दुसरा एका कारखान्यासाठी, आणि त्यांच्या मागे जोडणी मागणाऱ्या अर्जांची रांग होती. नवा अर्ज त्या रांगेत अकरावा ठरला असता.

मग त्यांनीच एक प्रश्न विचारला, जो मला या संपूर्ण प्रवासातला सर्वांत जाणता प्रश्न वाटला. "तुम्ही भार किती घेणार ते सांगितलेत, तो एकदम सुटला तर काय, ते सांगा." त्यांच्या प्रश्नामागे एक खरी घटना होती. जुलै २०२४ मध्ये उत्तर व्हर्जिनियातील २३० केव्हीच्या एका वाहिनीवर तडित-रोधक निकामी झाला आणि वाहिनी आपोआप पुन्हा जोडली जाण्याच्या प्रयत्नांत दीड मिनिटाच्या आत सहा वेळा दोष उमटला. व्होल्टेजचे ते झटके डेटा सेंटरांच्या यूपीएस प्रणालींनी मोजले, ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यावर त्यांनी आपला भार स्वतःच्या बॅटरी आणि जनरेटरवर वळवला, आणि सुमारे साठ डेटा सेंटरांचा मिळून १,५०० मेगावॅट भार जाळ्यावरून जवळजवळ एकाच वेळी नाहीसा झाला. वीज कमी पडली की दिवे जातात हे सर्वांना ठाऊक असते; पण मागणी अशी अचानक गळून पडली तर व्होल्टेज आणि वारंवारिता वर उसळतात, आणि तो धोका चालकांना तितकाच मोठा असतो. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलला प्रशिक्षण देताना हजारो प्रोसेसर एकाच तालावर काम करतात आणि एकाच तालावर थांबतात, त्यामुळे भार काही सेकंदांत कित्येक मेगावॅटने वरखाली होतो. जागेजवळचे जाळे किती भक्कम आहे, म्हणजे तिथली लघुपरिपथ क्षमता किती, हा आकडा म्हणूनच जमिनीच्या दरापूर्वी विचारायचा असतो.

संध्याकाळी माळावर परत येऊन भूगर्भतज्ज्ञांनी त्यांची चाचणी घेतली. दीड मीटर खोल खड्डा खणून त्याच्या भिंतीत त्यांनी विणकामाच्या सुईसारखी पोलादी सळई आडवी खोचली. तिच्या आत तापवणारी तार आणि तापमापक असतो. ठरावीक उष्णता देत राहायचे आणि सळई किती वेगाने तापते ते पाहायचे. दहा मिनिटे आम्ही त्या लहानशा पडद्याकडे पाहत उभे होतो आणि आकडा चढतच गेला. माती कोरडी आणि भुसभुशीत होती, उष्णता वाहून नेत नव्हती. जमिनीखालून नेलेल्या केबलभोवती अशी माती असली की केबलची उष्णता बाहेर पडत नाही, तिची वहनक्षमता कमी धरावी लागते आणि तेवढ्याच विजेसाठी जास्त केबली टाकाव्या लागतात, किंवा चरात वेगळी भर घालावी लागते. इमारतीचे वजन पेलायला ही जमीन उत्तम होती, मीटरभर खाली मुरूम आणि त्याखाली अखंड खडक. केबलसाठी मात्र ती वाईट होती, आणि ही गोष्ट कोणत्याही उपग्रहचित्रात दिसली नसती.

दुसरा दिवस

हा दिवस माझा होता. माळाच्या कडेने विहिरींची एक ओळ आहे आणि त्यांतील आठ विहिरींची पातळी मोजण्याची परवानगी आम्ही मालकांकडून घेतली होती. यासाठी लांब फीत असते, टोकाला संवेदक. तो पाण्याला टेकला की रिळातून शिट्टीसारखा आवाज येतो. पहिल्या विहिरीत तो ११.४ मीटरला वाजला, तिसऱ्यात १३.१ मीटरला, आणि माळाच्या सर्वांत जवळच्या विहिरीत १६ मीटर फीत सोडली तरी वाजलाच नाही. त्या विहिरीचे मालक माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी आतल्या बांधकामावरचा एक फिकट पट्टा दाखवला, साधारण नऊ मीटरवर. त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात पाणी तिथवर असे. नंतर पायऱ्या कमी पडल्या म्हणून लोखंडी शिडी लावली, आणि शिडीही कमी पडल्यावर विहिरीच्या तळातच बोअर घेतले.

मी त्यांना माझा हिशोब सांगितला, कारण तो लपवून त्यांच्याकडून माहिती घेणे मला योग्य वाटले नाही. डेटा सेंटरमध्ये शिरलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. १०० मेगावॅट उष्णता निव्वळ पाण्याच्या बाष्पीभवनाने बाहेर काढायची झाल्यास सेकंदाला सुमारे ४१ किलो पाणी हवेत सोडावे लागते, म्हणजे दिवसाला ३५ लाख लिटर. कूलिंग टॉवरमध्ये क्षार साचू नयेत म्हणून जे पाणी काढून टाकावे लागते ते वेगळेच. ३०० मेगावॅटला हाच आकडा दिवसाला एक कोटी लिटरच्या वर जातो. ते ऐकून घेतल्यावर त्यांनी फक्त एवढेच विचारले, "आणि हे पाणी परत येत नाही?" येत नाही. गिरणीचे सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरता येते. वाफ झालेले पाणी त्या खोऱ्यातून निघून जाते.

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात द डॅलेस नावाचे लहान गाव आहे, जिथे गूगलने २००६ मध्ये डेटा सेंटर सुरू केले. तिथे पाण्याच्या वापराचा आकडा जाहीर करायचा की नाही यावर न्यायालयीन वाद झाला, आणि अखेर आकडे बाहेर आले तेव्हा २०२१ मध्ये गावाच्या एकूण पाण्यापैकी चौथ्या हिश्शाहून अधिक पाणी त्या एका ग्राहकाने वापरल्याचे दिसले. ते पाणी नियमाने घेतलेले होते. तरीही तो आकडा लपवला गेला यामुळे जो अविश्वास निर्माण झाला, तो टाळता आला असता असे माझे ठाम मत आहे. जागा निवडतानाच पाण्याचा आकडा जाहीर करायचा, ही अट आम्ही आमच्या अहवालात घातली आहे.

अर्थात पाण्यावाचून शीतकरण होतच नाही असे नाही. मोठ्या पंख्यांनी बाहेरच्या हवेवर उष्णता सोडणारे कोरडे शीतक वापरता येतात. त्यांची अडचण उन्हाळ्यात येते, कारण हवा जितकी गरम तितके चिलरला, म्हणजे विजेवर पाणी थंड करणाऱ्या यंत्राला, जास्त काम पडते आणि ज्या दुपारी संपूर्ण प्रदेशाची विजेची मागणी टोकाला असते, त्याच दुपारी डेटा सेंटरही जास्त वीज मागते. पाणी वाचवले तर वीज जाते, वीज वाचवली तर पाणी जाते. ही तडजोड प्रत्येक जागेच्या हवामानावर ठरते. इथे एक गोष्ट मात्र नव्या यंत्रांनी बदलली आहे. चिपवर बसवलेल्या धातूच्या पट्टीतून द्रव खेळवून ती थंड केली जाते, तेव्हा आत जाणारे पाणी तीस अंशांच्या वर असले तरी चालते, त्यामुळे वर्षातील बराच काळ चिलरशिवाय, कोरड्या शीतकांवर भागू शकते. हवेने थंड होणारा उरलेला भाग राहतोच, पण तो एकूण उष्णतेतला लहान हिस्सा असतो. हे किती काळ जमेल ते कळण्यासाठी तापमापीच्या टोकाला ओले फडके गुंडाळून मिळणारे तापमान आणि साधे तापमान, दोन्हींच्या तासातासाच्या नोंदी किमान दहा वर्षांच्या लागतात. सरासरी पाहून भागत नाही. १९ जुलै २०२२ रोजी लंडनमध्ये पारा चाळीस अंशांच्या आसपास गेला, तेव्हा तिथल्या दोन मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या डेटा सेंटरांचे शीतकरण कोलमडले. आजवरच्या सरासऱ्यांनी त्या दिवसाची कल्पना दिली नव्हती.

रात्री आम्ही पहिल्या जागेवर चर्चा केली. कोरड्या शीतकरणाच्या अटीवर ती टिकू शकली असती, पण उपकेंद्रातली अकराव्या क्रमांकाची रांग आणि फीत न वाजलेली ती विहीर, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्यावर कुणीच तिच्या बाजूने बोलले नाही.

तिसरा दिवस

दिवसाचा बहुतेक भाग प्रवासात गेला, तरी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पहिल्या दोन जागांसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी फायबरचे दोन स्वतंत्र मार्ग देऊ केले होते आणि कागदावरच्या नकाशात त्यांच्या लाल आणि निळ्या रेषा एकमेकींपासून लांब होत्या. वाटेत एका नदीवरचा पूल लागला. तरुण सहकाऱ्याने गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरला आणि पुलाच्या कठड्याबाहेरून जाणारे पाइप पाहत टोकापर्यंत चालत गेला. तिथल्या चेंबरचे झाकण त्याने परवानगी घेऊन उघडवले. आत दोन्ही कंपन्यांच्या केबली होत्या, एकीवर लाल पट्टी आणि दुसरीवर निळी, आणि दोघींमध्ये वीतभर अंतर. त्या पट्ट्यात नदी ओलांडायला दुसरा पूल नाही. पुलाची दुरुस्ती निघाली, त्याला वाहन धडकले किंवा पुराने खांब हलला, तर दोन्ही मार्ग एकाच क्षणी तुटले असते.

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरचा जाऊन-येऊन प्रवास दहा मिलिसेकंदांचा. मॉडेलला प्रशिक्षण द्यायचे असेल तर हा उशीर नगण्य आहे, म्हणून अशी केंद्रे शहरांपासून दूर, वीज जिथे असेल तिथे नेता येतात. लोकांच्या प्रश्नांना क्षणोक्षणी उत्तरे द्यायची असतील तर जवळीक थोडी महत्त्वाची ठरते. मार्ग खरोखर वेगळे असण्याची गरज दोन्ही बाबतींत सारखीच आहे, आणि ते पुलावर उतरल्याशिवाय कळत नाही.

चौथा दिवस

दुसरी जागा एका मोठ्या शहराच्या औद्योगिक पट्ट्यात, नदीपासून पाऊण किलोमीटरवर होती. उपकेंद्र शेजारी, रस्ते रुंद, कुशल माणसे जवळ. तिने आमचा फार वेळ घेतला नाही. शेजारच्या गोदामाच्या भिंतीवर, माझ्या खांद्याच्या उंचीवर, गाळाची सरळ तपकिरी रेघ होती, आणि पहारेकऱ्याने ती कोणत्या पुराची हे न विचारता सांगितले.

शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर हा शब्दप्रयोग फसवा आहे. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता असा आहे, आणि पंचवीस वर्षांच्या आयुष्यात तो एकदा तरी येण्याची शक्यता बावीस टक्के होते. भराव घालून इमारत उंच करता येते, पण मग पाणी शेजाऱ्याकडे वळते. आणि इमारत कोरडी राहिली तरी तिथवरचा रस्ता, इंधनाच्या टाक्या, केबलचे चर पाण्यात जातात. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाच्या लाटेने न्यूयॉर्कच्या दक्षिण मॅनहॅटनमध्ये हेच झाले. एका इमारतीत जनरेटर वरच्या मजल्यावर सुरक्षित होते, परंतु त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात बुडाले, आणि माणसांनी बादल्यांतून सतराव्या मजल्यापर्यंत डिझेल वाहून नेऊन यंत्रे चालू ठेवली. १०० मेगावॅटच्या केंद्राला असे करता येणार नाही, कारण जनरेटरांवर ते पूर्ण भाराने चालवायचे म्हटले तर तासाला सुमारे पंचवीस हजार लिटर डिझेल लागेल. टँकर पोहोचण्याचा रस्ता पुरात बंद होत असेल, तर ती जागा यादीतून काढणेच बरे. आम्ही ती दुपारीच काढली.

पाचवा दिवस

तिसरी जागा यादीत शेवटची होती आणि नकाशावर सर्वांत कुरूप. दोन संचांचे, प्रत्येकी २१० मेगावॅटचे, कोळशावरचे वीजकेंद्र. सात वर्षांपूर्वी बंद पडलेले. बॉयलर भंगारात गेले होते, चिमणी उभी होती, कोळशाच्या आवारात गवत वाढले होते. वाहिन्या एकमेकींना जोडणारे आवार, म्हणजे स्विचयार्ड, मात्र जिवंत होते, कारण त्या भागाच्या पारेषणाच्या चार वाहिन्या अजून तिथूनच जातात. खडी पसरलेली, गवत काढलेले, विलगकांच्या दांड्यांना ताजे वंगण.

तिथे आम्हाला एक निवृत्त नियंत्रणकक्ष चालक भेटले, ज्यांनी पहिल्या संचापासून शेवटच्या दिवसापर्यंत तिथे काम केले होते. त्यांनी संच-ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवरची धूळ हाताने पुसली. त्यावर क्षमता लिहिली होती: २५० एमव्हीए. तरुण सहकारी खूश झाला. पारेषण अभियंत्यांनी मात्र मान हलवली, कारण हा ट्रान्सफॉर्मर जनित्राच्या विजेचा दाब चढवण्यासाठी बनवलेला आहे आणि त्याची कमी दाबाची बाजू आमच्या कामाची नाही. मोल आहे ते त्याच्या पलीकडे: तयार बे, तयार वाहिन्या, त्यांचे आधीच मिळालेले मार्गहक्क. नव्या वाहिनीला मनोऱ्यागणिक जमीनमालकांशी बोलावे लागते आणि बहुतेक वर्षे तिथेच जातात. तरीही ४२० मेगावॅट इथून बाहेर जात होते म्हणजे ३०० मेगावॅट आत आणता येतील, असा सरळ हिशोब धरता येत नाही. तारा तेवढा प्रवाह पेलतील. पण त्या भागाने ४२० मेगावॅटचा स्रोत गमावला आहे आणि वर ३०० मेगावॅटचा ग्राहक येणार, म्हणजे एकूण फरक ७२० मेगावॅटचा. ती वीज दुरून कुठून तरी आणावी लागेल आणि तिचा अभ्यास व्हावा लागेल. तो अभ्यास काही महिन्यांचा आहे, नवे उपकेंद्र काही वर्षांचे. आमच्या दृष्टीने हा फरक निर्णायक होता.

अशा जागांकडे वळणारे आम्ही पहिले नाही. फिनलंडमधील हामिना येथे गूगलने २००९ मध्ये बंद पडलेली कागद गिरणी घेतली आणि समुद्राचे पाणी आणणाऱ्या तिच्या जुन्या बोगद्याचा शीतकरणासाठी उपयोग केला. पेनसिल्व्हेनियातील होमर सिटीचे कोळसा केंद्र २०२३ मध्ये बंद झाले आणि त्याच जागी वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्रासह डेटा सेंटरची योजना २०२५ मध्ये जाहीर झाली. दुसऱ्या उदाहरणाबद्दल मला आनंद वाटत नाही, कारण तिथे जुन्या धुराड्यांच्या जागी नवी येतात. जुन्या केंद्राची जोडणी आणि जाळ्यावरची स्वच्छ वीज, हा मेळ बसला तरच अशी जागा निवडण्यात अर्थ आहे असे मला वाटते.

पाण्याचा प्रश्न इथे निराळा निघाला. कूलिंग टॉवर असलेल्या कोळसा केंद्राला विजेच्या एका युनिटमागे साधारण तीन लिटर पाणी लागते, म्हणजे हे केंद्र पूर्ण क्षमतेने चालताना दिवसाला तीन कोटी लिटर घेत असे. आमची जास्तीत जास्त गरज त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. कागदावर हे सोपे वाटते. नदीकाठच्या उपसा विहिरीपाशी गेलो तेव्हा तिथे नवे पंप चालू होते; केंद्र बंद झाल्यावर ते पाणी खालच्या वस्त्यांना पिण्यासाठी दिले गेले आहे. म्हणजे मोकळे पाणी इथेही नाही. त्याच वस्त्यांचे सांडपाणी मात्र थोडी प्रक्रिया होऊन नदीत सोडले जाते, आणि ते आणखी शुद्ध करून वापरता येईल एवढे आहे. गोड्या पाण्याला हात न लावता, सांडपाणी आणि कोरडे शीतक यांवर केंद्र चालवायचे, असे टिपण मी त्याच कठड्यावर बसून लिहिले.

सहावा दिवस

सकाळ राखेच्या तलावांवर गेली. कोळशाची राख पाण्यात कालवून वर्षानुवर्षे इथे सोडली गेली. वरून पापुद्रा धरलेला, पायाखाली कडक वाटणारा. भूगर्भतज्ज्ञांनी सळई हाताने दाबली आणि ती मीटरभर सहज आत गेली. भूकंपाच्या हादऱ्याने अशी ओली राख द्रवासारखी वाहू शकते, त्यामुळे तिथे बांधकाम करायचे नाही हे उघड आहे. कोळशाचे जुने आवार आणि टर्बाइन सभागृहाचा पाया मात्र खडकावर आहे. राखेतून आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन भूजलात उतरू शकतात, म्हणून बांधाखालच्या तीन निरीक्षण विहिरींतून नमुने घेतले. तिसऱ्या विहिरीतल्या पाण्याची विद्युतवाहकता पहिलीच्या चौपट भरली. नेमके काय मिसळले आहे ते प्रयोगशाळा सांगेल, पण बांधाची दुरुस्ती आणि राखेची विल्हेवाट हा खर्च प्रकल्पाने पहिल्या टप्प्यातच उचलावा, असे आम्ही चौघांनी एकमताने लिहिले. जागा स्वस्त मिळते ती याच कारणाने, आणि तो स्वस्तपणा बांधाखालच्या लोकांच्या पाण्यातून वसूल होता कामा नये.

नियंत्रणकक्षाच्या छपरावर आम्ही तांब्याच्या आणि चांदीच्या पातळ पट्ट्यांची चौकट टांगून ठेवली. महिनाभराने त्या काढून त्यांच्यावर चढलेला गंज मोजला की हवेतील गंधकयुक्त वायू सर्किटांना किती इजा करतील याचा अंदाज येतो. उडणाऱ्या राखेसाठी वेगळे फिल्टर लागतीलच.

मध्यरात्री मी ध्वनिमापक घेऊन सर्वांत जवळच्या घराच्या कुंपणापाशी उभी राहिले. ३६ डेसिबल, रातकिडे आणि दूरवर एक पंप. आवाजाच्या एका स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, हा नियम कागदावर बरा वाटतो, पण शेकडो पंख्यांची रांग हा एक बिंदू नसतो आणि तिचा घुमणारा सूर भिंतींतूनही घरात शिरतो. त्यामुळे शीतकांची रांग घरांच्या विरुद्ध बाजूला, टर्बाइन सभागृहाच्या आडोशाला ठेवायची आणि कुंपणाजवळची रात्रीची मर्यादा करारात लिहायची, अशी नोंद केली.

निघताना ते निवृत्त चालक फाटकापर्यंत आले. त्यांनी विचारले, "किती माणसे लागतील?" वीजकेंद्रात कंत्राटी धरून हजारावर लोक होते. मी खरे तेच सांगितले: बांधकाम चालू असताना शेकडो, कदाचित त्याहून अधिक, नंतर कायमची फार थोडी, तीही बहुतेक वीज, शीतकरण आणि सुरक्षेच्या कामासाठी. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "स्विचयार्ड चालवणारी पोरे मी तयार करून देऊ शकतो." अहवालाच्या मनुष्यबळाच्या रकान्यात, स्थानिक प्रशिक्षण या शब्दांपुढे, मी त्यांचे हे वाक्य जसेच्या तसे उतरवले आणि जोडणीचा अर्ज तिसऱ्या जागेच्या नावाने भरायला घेतला.